नदीवर थांबलेला बैल

एका गेमवाल्याने मला फसवलं. अर्धा माल गळ्यात मारला, उरलेला नंतर देतो म्हणाला आणि दुकान गुंडाळून निघून गेला. हे मी लग्नाच्या मांडवात सांगितलं आहे, दहाव्याच्या घाटावर सांगितलं आहे, गॅरेजवर चहा पिताना तर रोज सांगितलं आहे. कदाचित तुमच्याही कानावर आलं असेल. आज त्याच्या पुढचं सांगतो. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मुलाला नाही. ज्या माणसाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच.

कुठून सुरू करू? स्वतःपासूनच करतो.

मी श्रीगोंदा तालुक्यातला. जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करतो. त्याआधी बैलबाजारात दलाल होतो. शिक्षण बेताचं, घरचं पाठबळ नाही. जे काही आहे ते ह्या जिभेवर उभं केलं आहे. बैलाचा सौदा कसा होतो, पाहिलं आहे तुम्ही? घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात रुमालाखाली धरतात. भाव बोटांनी बोलायचा. चारचौघांना कळू द्यायचा नाही. आणि रुमालाच्या वर, तोंडाने, घेणारा बैलाला नावं ठेवत असतो. शिंग वाकडं आहे, खांदा बसलाय, डोळ्यात पाणी दिसतंय. बैल जितका मनात भरला असेल तितकं तोंड वाईट बोलतं. विकणारा मनाला लावून घेत नाही. उलट त्याला कळतं, की गिऱ्हाईक अडकलं आहे.

हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगतो आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी घरात अडकलो. फोनवरून सौदे करून पाहिले. पण इंजिन सुरू करून त्याच्या आवाजाला कान लावल्याशिवाय कसला सौदा? दिवसभर चिडचिड करायचो. टीव्हीवर, पंख्यावर, भाजीतल्या मिठावर. शेवटी एका दुपारी आमची सून प्राजक्ता मुलाचा जुना लॅपटॉप घेऊन माझ्या कॉटपाशी आली.

"मामा, तुम्हाला भाव करायचाय ना? मग हा बाजार बघा."

आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते. प्राजक्ता संगमनेरची, शिक्षकाच्या घरातली. लग्नानंतरही ती वरच्या खोलीत बसून कंपनीचं काम करायची. काय काम, ते मी कधी विचारलं नाही. दार लोटलेलं असायचं, आतून बटणांचा आवाज यायचा. कंपनीचं काम — मला एवढं पुरे होतं.

तिने मला समजावलं, की कॉम्प्युटरवर खेळायचे मोठ्या कंपन्यांचे गेम वेगळे आणि हे वेगळे. हे एकेकटी माणसं घरी बसून बनवतात, फार तर दोघं-तिघं मिळून. त्यांच्याकडे जाहिरातीला पैसा नसतो. मग असे दहा-बारा गेम एकत्र बांधतात आणि एरवी एकही गेम येणार नाही अशा भावाने विकतात. बंडल म्हणतात त्याला. मी गठ्ठाच म्हणायचो. काही गठ्ठ्यांवर तर भावच नव्हता. कमीत कमी इतके द्या, त्यावर तुमच्या मनाला येईल तेवढे, असं लिहिलेलं. मी हसलो. किती देता ते तुम्हीच सांगा म्हणणारा विकणारा मी जन्मात पाहिला नव्हता. मी सगळ्यात खालचा आकडा टाकला.

"थोडे वर टाकूया का, मामा? बनवणाऱ्याला जातात ते."

"त्याला परवडत न्हाई तर त्यानं इकायला काढला कशाला?"

तिने तोच आकडा ठेवून बटण दाबलं. तेव्हा मला वाटलं, पटलं तिला.

मग माझा तो नादच झाला. गठ्ठा घ्यायचा, फोडायचा आणि एकेका गेमचे दात बघायचे. एका गेममध्ये मी शेवाळ होतो. दगडावर पसरायचं, एवढंच काम. एकात गोगलगायीला फ्रीजवर चढवायचं होतं. एक उघडला आणि लॅपटॉप तापून बंद पडला, तेव्हा मी माऊस भिंतीवर मारला आणि मग वाकता येत नाही म्हणून तो बायकोकडून उचलून घेतला. एकात काहीच नव्हतं, बाहेर बर्फ पडत होता आणि एक बाई स्वेटर विणत होती. मी बराच वेळ बघत बसलो आणि मग स्वतःवरच चिडलो.

आमची ही कमरेवर हात ठेवून म्हणायची, "गुडगा मोडला तरी दलाली सुटंना. बसल्या जागी बाजार लावलाय."

खरं सांगू? खेळण्यापेक्षा घेण्यातच गोडी होती. स्वस्तात मिळालं की माणसाला वाटतं, आपण कुणाला तरी हरवलं. न उघडलेले गेम ढिगाने पडलेले असायचे आणि मी नवा गठ्ठा बघत असायचो. ज्यांनी ते बनवले, त्यांचा विचार कधी मनात आला? नाही आला.

असंच एकदा प्राजक्ताने एक गठ्ठा दाखवला. "ह्यात आपल्याकडच्या लोकांचे गेम आहेत. नीट बघा हं, मामा." एरवी ती लॅपटॉप देऊन वर निघून जायची. त्या दिवशी दारात जरा थांबली. मला ते दिसलं होतं — आणि दिसूनही मी त्यातून काही काढलं नाही. समोरच्याच्या पापणीवरून भाव ओळखणारा मी.

त्या गठ्ठ्यात एक गेम बैलाचा होता. बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, नावाच्या जागी फक्त 'गव्हाण' असं लिहिलं होतं. बाजारात विकलेला एक बैल नव्या मालकाच्या दावणीतून सुटतो आणि जुन्या घराकडे चालू लागतो. आपण त्याला हाकायचं नाही. तो आपला चालतो. आपण फक्त त्याला थांबवायचं, वास घ्यायला लावायचं, कान टवकारायला लावायचं, मग त्याची वाट त्यालाच सापडते. कडब्याचा वास, ओल्या मातीचा वास, कुठे तरी विहिरीवरची मोटार. आणि तो चालला, की गळ्यातली घुंगुरमाळ वाजायची.

मी लॅपटॉप मिटला आणि परत उघडला. का, ते कळेना. म्हणजे — थोडं कळत होतं. माझा एक बैल होता, मोन्या. पहिला ट्रॅक्टर घेताना तो मी विकला, नदीपलीकडच्या गावात. काही दिवसांनी सकाळी दार उघडलं तर मोन्या अंगणात उभा. भीमा ओलांडून आला होता, पोटापर्यंत चिखल. मी त्याला पाणी पाजलं, दावं लावलं आणि त्याच दिवशी नेऊन नव्या मालकाच्या दारात बांधला. सौदा म्हणजे सौदा. ही गोष्ट मी छाती पुढे काढून सांगत आलो आहे, की बघा, मी शब्दाचा किती पक्का. त्या गेममधला बैल मोन्यासारखा नव्हता, निळसर रंगाचा होता. आणि परत आलेल्या बैलाची गोष्ट आमच्याकडे गावोगाव असते. तेव्हा मी मनाशी एवढंच म्हणालो, की हे ज्याने केलं त्याने बैल पाहिला आहे.

बैल चालत चालत नदीपर्यंत येतो. पलीकडे घर दिसतं, दाराची चौकट दिसते. तो पाण्यात पाय घालतो — आणि गेम थांबतो. पुढचा भाग नंतर येईल, वेगळा विकत घ्यावा लागेल, असं लिहून येतं.

माझं डोकं फिरलं. बाजारात ही जुनी चाल आहे. जोडीतला एक बैल स्वस्तात द्यायचा आणि त्याच्या जोडीदाराचा मागू तो भाव घ्यायचा. मला वाटलं, ह्याने माझ्यावर तीच चाल केली. अर्धा माल गठ्ठ्यात घालून मला चव लावली आणि आता नाडणार. पण राग नुसता त्याचाच होता का? की पलीकडे मालक दार उघडतो का, हे मला लगेच हवं होतं आणि मिळत नव्हतं, त्याचा होता? मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी जेवताना प्राजक्ताने विचारलं, "मामा, तो बैलाचा कसा वाटला?"

"कागदाचा बैल हाय. फुकट दिला तरी दावनीला बांधनार न्हाई."

"काहीच नाही आवडलं?"

"आवडायला हाय काय त्यात?"

ती भात वाढत होती. वाढून झाल्यावरही भातवाढी तशीच हातात धरून उभी राहिली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेम पुन्हा पहिल्यापासून खेळलो. त्यानंतर परत एकदा.

आता जे करायला नको होतं ते. त्या गेमच्या पानाखाली लोकांनी मत लिहायची सोय होती. तिथे एक-दोन परदेशी माणसांनी चांगलं लिहिलं होतं. मला वाटलं, दुसऱ्या भागाचा भाव पाडायचा असेल तर हीच जागा. बाजारात एकट्याने बैलाला नाव ठेवलं तर विकणारा हसतो. म्हणून दलाल आपली माणसं पेरतात. एक येतो, खोड काढतो, निघून जातो. थोड्या वेळाने दुसरा येतो आणि तीच खोड काढतो. तिसऱ्याने काढली की विकणाऱ्याचा स्वतःच्या बैलावरचा विश्वास उडतो. मग आपण पुढे व्हायचं आणि रुमालाखाली हात धरायचा.

मी तेच केलं. तीन खोटी खाती उघडली. नावं माझ्या जुन्या सोबत्यांची दिली, जे बाजारात माझ्यासाठी असे उभे राहायचे आणि आता हयात नाहीत. पहिल्याच्या नावाने लिहिलं, की बनवणाऱ्याने बैल कधी जवळून पाहिलेला नाही. दुसऱ्याच्या नावाने लिहिलं, शहरात बसून खेड्याचं सोंग आणलं आहे. तिसऱ्याच्या नावाने लिहिताना मला खोड सापडेना. मग जे सगळ्यात मनात भरलं होतं तेच धरलं. लिहिलं — घुंगरांचा आवाज खोटा आहे. असा आवाज आमच्याकडे कुठल्याच बैलाच्या गळ्यात नसतो.

मराठीत. तिन्ही मतं मराठीत. त्या पानावर दुसरं मराठी मत नव्हतं.

मी वाट बघत बसलो. आता विकणारा नरम येईल, म्हणेल दुसरा भाग असाच घ्या. काही दिवसांनी पान उघडलं तर तिथे एकच ओळ होती. हा खेळ इथेच थांबवला आहे, पुढचा भाग येणार नाही. बस. ना भांडण, ना उत्तर. मला काही समजेनाच. असं कोण करतं? दोन शब्द बोललो म्हणून भरल्या बाजारातून बैल सोडून कोण निघून जातं? तेव्हापासून मी सांगत सुटलो, की गेमवाल्याने फसवलं, अर्धा बैल विकला, त्याचा जाब कुणी तरी द्यायला पाहिजे.

त्याच सुमाराला प्राजक्ताने नगरच्या एका क्लासमध्ये नोकरी धरली. मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. सकाळी डबा घेऊन एसटीने जायची, संध्याकाळी पार थकून यायची. वरच्या खोलीचं दार आता उघडंच असायचं आणि आतून कसलाच आवाज येत नसायचा. मी बायकोला म्हणालो, "बरं झालं. घरात बसून डोळं फोडन्यापरीस बाहेर पडली." ही माझ्याकडे बघत राहिली. तिला काही माहीत होतं का? विचारायचं धाडस झालेलं नाही.

मग पोळा आला. आमच्याकडे आता बैल नाहीत, मातीच्या बैलांची पूजा करतो. पण मोन्याची घुंगुरमाळ मी विकताना काढून ठेवली होती. ती बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर खिळ्याला असते. दर पोळ्याला ती उतरवून चिंचेने घासायची, हे काम माझं. गुडघा बरा झाला होता. मी स्टुलावर चढलो, माळ काढली आणि मांडीवर घेऊन घासायला बसलो.

त्या माळेतलं एक घुंगरू तडकलेलं आहे. मोन्याने गोठ्याच्या खांबाला मान घासली तेव्हा तडकलं होतं. बाकीची खणखण वाजतात आणि ते मध्येच ठप्प असा आवाज करतं. खळ खळ ठप्प. खळ खळ ठप्प. मी घासत होतो आणि माझे हात थांबले.

हा आवाज मी गेममध्ये ऐकला होता.

अशी माळ जगात दुसरी नाही. आणि मग आठवलं. माझ्या ऑपरेशनच्याही आधी एकदा मी बाहेरून आलो, तेव्हा प्राजक्ता ह्याच माळेपाशी मोबाईल धरून उभी होती, दुसऱ्या हाताने हळूहळू माळ हलवत. मी विचारलं, काय करते? म्हणाली, "काही नाही मामा, आवाज छान आहे हिचा." मी बूट काढत होतो. पुढे काही विचारलं नाही.

मोन्याची गोष्ट तिला कुणी सांगितली? मीच. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला, जेवताना, छाती पुढे काढून. कंपनीचं काम कधीच सुटलं होतं, हे मला मुलाकडून नंतर कळलं, तेही बोलता बोलता. दोघा नवरा-बायकोचं ठरलं होतं, की पहिला भाग लोकांना आवडला तर तिने दुसरा पुरा करायचा, नाही तर नोकरी बघायची. दोन वर्षं ती वर बसून तो बैल चालवत होती. आणि तो तिने माझ्या पुढ्यात, न सांगता, गठ्ठ्यात घालून ठेवला होता. का? मी सुनेचं तोंड बघून गोड बोलेन असं वाटलं असेल. परक्याच्या मालाबद्दल मी खरं बोलेन, असंही तिला वाटलं असेल. बिचारीला रुमालाची रीत माहीत नव्हती.

की माहीत होती? इथे माझं डोकं चालेनासं होतं. त्या तीन मेलेल्या दलालांची नावं, त्यांचे किस्से मी जेवताना कितीदा सांगितले आहेत. तिने ते पान वाचलं तेव्हा तिला ती नावं ओळखू आली असतील का? आली असतील, तर ती इतके दिवस मला चहा देताना काय बघत होती? आणि आली नसतील, तर तिला खरंच वाटलं, की आपल्याच मातीतल्या तीन माणसांनी आपला बैल खोटा ठरवला. ह्यातलं जास्त वाईट कोणतं, मला ठरवता येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग त्याच दिवशी सांगितलं का नाही? मलाही तेच विचारायचं आहे. घासलेली माळ मांडीवर होती, प्राजक्ता स्वयंपाकघरात पुरण वाटत होती, मध्ये फक्त एक दार होतं. मी उठलो, आणि माळ परत खिळ्याला लावली.

संध्याकाळी पाहुणे आले. जेवायला पंगत बसली. मेहुणा म्हणाला, "दाजी, तो बैलवाला सापडला का हो? तुमाला गंडा घालनारा?" सगळे हसले. त्या वेळी मला बैलवाला कोण ते माहीत होतं. तरी मी सांगितलं. तीच गोष्ट, तसेच हातवारे. अर्धा बैल विकला, नदीवर उभा केला आणि पळून गेला. जाब द्यायला पाहिजे त्यानं. इतके दिवस जे केलं ते रागात आणि अज्ञानात केलं असं म्हणता येईल. हे मात्र मी शुद्धीत केलं, प्राजक्ताच्या समोर. जीभ सवयीने चालली आणि मी ती आवरली नाही.

प्राजक्ता पोळ्यांवर तूप वाढत होती. माझ्या ताटाशी आली, थांबली.

"आणि मामा, तो भेटलाच, तर काय विचाराल त्याला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बैल घरी पोचल्यावर मालकानं दार उघडलं का, एवढंच इचारीन."

तिने तूप वाढलं. अगदी शांतपणे म्हणाली, "विचारा की."

आणि पुढच्या ताटाकडे गेली.

ते दोन शब्द मी तेव्हापासून घोळवतो आहे. त्यात काय होतं? टोमणा होता? परवानगी होती? की नुसतंच सासऱ्याच्या बोलण्याला दिलेलं उत्तर? मी विचारलेलं नाही. ती सकाळी डबा घेऊन एसटीला जाते, मी ओट्यावर बसलेला असतो, ती "येते मामा" म्हणते, मी मान हलवतो. लॅपटॉपवर तो गेम अजून आहे. बैल पाण्यात पाय घालून उभा आहे, पलीकडे चौकट दिसते आहे. नवे गठ्ठे मी घेत नाही.

जाब कुणी तरी द्यायला पाहिजे, असं मी सगळीकडे म्हणत आलो. ते मी मागे घेत नाही. त्या बैलाला नदीवर अडवणाऱ्याने जाब दिलाच पाहिजे. माणूस सापडला आहे. तो रोज सकाळी तिच्या हातचा चहा पितो आणि कप खाली ठेवून गप्प बसतो.